गच्चीवर नेलेला सिंथ

"तापू द्या," मास्तर म्हणायचे, आणि तव्याची आच बघावी तसा उजवा तळवा सिंथेसायझरच्या पाठीवर धरायचे.

सिंथ चालू केल्यापासून अर्धा तास कुणी पट्टीला बोट लावायचं नाही, हा पुंडलिकनगरातल्या त्या घराचा कायदा होता. सिंथ जपानी, जुना, मास्तरांच्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांतला. पट्टी दाबली की तयार बासरी नाहीतर सतार वाजवून देणारा आजकालचा की-बोर्ड नव्हे. याच्यात तयार आवाज एकही नाही. वीसएक नॉब फिरवून आवाज आपण घडवायचा, आणि आतलं सगळं गरम होऊन स्थिरावल्याशिवाय तो सुरात राहत नाही. तोवर चहा. चहा संपला तरी वेळ उरतो म्हणून काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, भाजलेले शेंगदाणे आणून ठेवायच्या.

मला थांबण्याचा तिटकारा. मी तेव्हा चोवीस वर्षांची. पाण्याच्या मोहिमेत होते, पत्रकं लिहायचे. माझ्या लिहिण्यात पूर्णविराम कमी आणि उद्गारचिन्हं जास्त.

"या पुढारीणबाई," मास्तर म्हणायचे. "बसा. आज कुणाचा निषेध?"

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला वस्तू घ्यायच्या आधी विचारायचं असतं. आमच्याकडं वाजवायची कुठलीही वस्तू घ्यायची तर मास्तरांना विचारायचं. भजनी मंडळ यायचं, बँजो पार्टीवाले यायचे, शाळेच्या बाई यायच्या. नवीन घ्यावं का वापरलेलं? मास्तर उत्तर द्यायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. कुठं वाजवणार? कोण वाजवणार? आणि बिघडलं तर कोण रडणार?

तिसऱ्या प्रश्नाला माणसं हसायची. मास्तर हसायचे नाहीत. रडणारं कुणी असेल तर जुनं घ्या, नाहीतर नवीन घ्या, असा त्यांचा साधा हिशेब. एकदा फर्दापूरचे एक हॉटेलवाले आले. लेणी बघायला येणारे परदेशी पाहुणे जेवायला थांबतात, काउंटरवर जुना सिंथ ठेवला तर शोभा येईल म्हणाले. मास्तरांनी माळ्यावरून एक मेलेला की-बोर्ड काढून दिला. "शोभेला चालू कशाला पायजे? हा न्या. हा कधीच बेसूर होत नाय."

ती दुष्काळाची वर्षं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, आणि तिकडं बायपासच्या पलीकडं माळावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडत होते. लेआउटच्या पाटीवर कारंजं रंगवलेलं आणि पाटीखाली टँकर उभा! प्रत्येक नव्या प्लॉटवर बोअरची गाडी. सहाशे फूट, सातशे फूट, आणि वर काय येतंय, तर पांढरा फुफाटा. आम्ही त्यावर पथनाट्य बसवलं होतं, टेम्पोच्या हौद्यात उभं राहून करायचं. त्यात बोअरच्या गाडीचा आवाज हवा होता. मोबाइलवर धरून आणलेला आवाज स्पीकरवर पत्रा खरवडल्यासारखा येई, आणि गाण्याबरोबर तो कमीजास्त करता येईना. आमचा वादक संतोष म्हणाला, "हे काम सिंथचं आहे. चल मास्तरांकडं."

मास्तरांनी आमचं ऐकून घेतलं आणि चपला घालून बाहेर पडले. मागच्या गल्लीत बोअर चालू होती. तिथं ते नाकाला रुमाल बांधून तासभर उभे राहिले. गाडीवरच्या माणसाला वाटलं, तक्रार करायला आलेत. घरी आल्यावर सिंथ चालू केला, तापू दिला, आणि मग एकेक नॉब वळवायला लागले. आधी जमिनीखालून आल्यासारखी घरघर. मग कातळ लागल्यावरचा तो चढा, दातांत कळ नेणारा सूर. आणि मग एकदम मोकळा फुसकारा, कोरड्या मातीचा.

काकू पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आता कोण घेतंय हो बोअर?"

"मीच."

"लागलं का पाणी?"

"नाय लागलं."

"मग बंद करा. कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात."

मी तिथंच ठरवलं. आम्हाला हाच सिंथ पाहिजे.

त्याच सुमारास कंपनीनं तोच सिंथ इतक्या वर्षांनी पुन्हा काढला होता. तोच चेहरा, तेच नॉब, अंगानं जरा लहान. आमच्याकडं वर्गणी जमली होती, तिच्यात नवा येत होता. मास्तर म्हणाले, तो घ्या. मी म्हटलं, आम्हाला तुमचा द्या.

"कुठं वाजवणार?" मास्तरांनी सुरू केलं.

"टेम्पोवर. गावोगाव."

"कोण वाजवणार?"

"संतोष. तो नसेल तर जो असेल तो."

"बिघडला तर कोण रडणार?"

"कुणी नाही. आम्ही रडणारे नाही, लढणारे आहोत."

"मग नवीन घ्या," मास्तर म्हणाले आणि शेंगदाण्याची ताटली माझ्याकडं सरकवली.

"असलेली वस्तू सोडून नवी घ्यायची नाही, हे आमचं तत्त्व आहे."

"तुमचं तत्त्व चांगलंय. मी स्वतः हा वापरलेलाच घेतला होता. पण याला उन्हात सूर धरवत नाय, पोरी. आतनं म्हातारा झालाय. नव्याला त्यांनी सूर आपोआप धरायची सोय केलीय. लई चांगली केलीय."

मला ते ऐकू आलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच की हा माणूस देत नाहीये. मी उभी राहिले आणि पत्रकात लिहिते तसं बोलले. "देववत नाही असं सरळ सांगा ना! माणसं हंडे घेऊन रांगेत उभी आहेत आणि तुम्ही एका खोक्याला शाल घालून बसलाय. का दुकानदारानं काही कबूल केलंय तुम्हाला, नवा खपवला तर?"

संतोषनं माझा हात ओढला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मास्तर माझ्याकडं बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, मला रागावलेल्या माणसांशी बोलायची सवय होती.

"उद्या बारा वाजता या," ते म्हणाले. "गच्चीवर."

दुसऱ्या दिवशी संतोषनं दुकानातून नवा सिंथ एका दिवसासाठी मागून आणला. मे महिना. गच्चीची फरशी चपलेतूनही भाजत होती. मास्तरांनी दोन स्टुलांवर दोन्ही शेजारी-शेजारी मांडले, जिन्यातून वायर वर आणली, चालू करून अर्धा तास थांबले. कित्येक वर्षांत त्यांचा सिंथ घराबाहेर आला नव्हता, हे मला काकूंनी जिन्यात सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं की मग, हवा लागेल.

दोन्हींवर एकच सूर धरला. जुळला. खरं सांगते, जुना जास्त भरदार वाजत होता. मी संतोषकडं जिंकल्यासारखं बघितलं. पाच-सात मिनिटं गेली, आणि जुन्याचा सूर सरकायला लागला. मास्तरांनी जुळवला. पुन्हा सरकला. संतोष त्याच्यावर आमचं गाणं म्हणायला गेला तर दुसऱ्याच ओळीला गळा आणि सिंथ वेगवेगळ्या वाटेनं.

"ऐकू येतंय?" मास्तरांनी विचारलं.

येत होतं. मी म्हणाले, "एवढं टेम्पोसमोर कुणाला कळणार आहे? पूर्ण नाटक वाजवून बघा. मग ठरवू."

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. मास्तरांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, संतोष म्हणत होता की बास, कळलं. मास्तर म्हणाले, "नाय, तिचं समाधान होऊ दे." आणि वाजवायला बसले. संतोषनं शेजारी नव्यावर आधाराचा सूर धरला. घरघर आली. कातळाचा सूर चढला. तो मध्येच फाटला, आत टिक असं काहीतरी वाजलं, आणि जुना सिंथ गप्प झाला. नव्याच्या पट्टीवर संतोषचं बोट तसंच राहिलं होतं. तेवढा एकच सूर बराच वेळ, अजिबात न हलता, गच्चीवर चालू राहिला.

मास्तरांनी सावलीत नेऊन स्क्रू काढले. आत वाकून वास घेतला. काळ्या, करंगळीच्या नखाएवढ्या एका चिपवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

"ही गेली. ही आता कुठं बनत नाय."

मला वाटलं, आता बोलतील. मी मनात उत्तरंही तयार करत होते, एवढी सवय वाईट. ते संतोषला म्हणाले, "नवा आधी सावलीत घे. परक्याचाय." काकूंनी माठातलं पाणी आणलं. पहिला पेला त्यांनी माझ्या हातात दिला.

आम्ही नवाच घेतला. पुढचे दहा-बारा दिवस मास्तर आमच्या कार्यालयात येत होते. कार्यालय म्हणजे एक गॅरेज. त्यांच्याकडं एक वही होती. तिच्यात प्रत्येक पानावर वीस गोल, प्रत्येक गोलात एक रेघ. कुठला आवाज काढताना कुठला नॉब कुठं वळलेला होता, त्याची नोंद. बोअरचं पानही होतं, सगळ्यात शेवटचं. नव्यावर रेघा तशाच लावल्या तरी आवाज तसाच येईना. मास्तर केसभर इकडं, केसभर तिकडं करत बसायचे.

"पंचाण्णव टक्के झालं," एका संध्याकाळी ते म्हणाले.

"आणि उरलेलं?" मी विचारलं.

"ते तुम्ही ओरडून भरून काढा. तुम्हाला काय अवघडंय?"

सगळे हसले. मीही हसले. माफी मागायची ती वेळ होती. पत्रकं लिहून-लिहून मला मागण्या मांडता यायच्या, माफी मागता यायची नाही.

खुलताबादला आमचा पहिला मोठा प्रयोग झाला. भर दुपारी, कारण टँकर दुपारी यायचा आणि माणसं तेव्हाच जमायची. मास्तर टेम्पोत आमच्याबरोबर आले. नाटक सुरू झालं, घरघर निघाली, तशा रांगेतल्या बाया हंडे खाली ठेवून वळल्या. कातळाचा सूर आला तेव्हा एका म्हाताऱ्यानं खरंच कानांवर हात ठेवले. आणि मग तो कोरडा फुसकारा आला. त्या गावाला तो आवाज समजावून सांगावा लागला नाही.

मास्तर हौद्यात पूर्ण वेळ उभे होते, एक काळी छत्री सिंथवर धरून. त्यांचं स्वतःचं डोकं उन्हात. रांगेतली एक बाई खालून ओरडली, "ओ आबा, त्या पेटीला काय हुतंय? छत्री सोताच्या डोक्यावर घ्या की!"

"माझं काय बाई," मास्तर वरून म्हणाले, "माझे पार्ट मिळत्यात अजून."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

दिवाळीनंतर मास्तर गेले. झोपेतच. मी तेव्हा वाळूजला कामगारांच्या सह्या गोळा करत होते, पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. महिन्याभरानं काकूंनी निरोप पाठवला. त्या मुलाकडं पुण्याला चालल्या होत्या.

खोली रिकामी होत आली होती. जुना सिंथ भिंतीला टेकवून उभा होता. "घेऊन जा," काकू म्हणाल्या. "भंगारवाला दोनदा विचारून गेला."

"काकू, त्या दिवशी गच्चीवर मी..."

"त्यांचा नव्हता हो राग. म्हणायचे, इतकी वर्षं घरात कोंडलेला होता, त्या पोरीनं एकदा उघड्यावर वाजवायला लावला. किती लांबपर्यंत गेला असेल आवाज, म्हणायचे."

हे मास्तर म्हणाले होते, का काकूंनी माझ्यासाठी आत्ता रचलं, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. काकूंनी सिंथ एका जुन्या नऊवारीत गुंडाळला, गाठ मारली, गाठ पुन्हा सोडून घट्ट मारली. मी तो उचलला. वाटलं होतं त्यापेक्षा खूप जड.

रिक्षात मागं ठेवायला जागा होती. मी मांडीवरच घेतला. आमचा रस्ता तेव्हा कामासाठी उकरून अर्धवट ठेवलेला. पहिल्याच खड्ड्याला मी ओरडले, तसा रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

"काच है क्या, दीदी?"

"नाही."

"तो फिर?"

आतलं सगळं बंद पडलेलं होतं, आता आणखी काय बिघडणार होतं? "हळू घ्या," मी म्हणाले, आणि घर येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला ते गाठोडं दोन्ही हातांनी वर उचलून धरत राहिले.