एका बंधूसाठी

ह्यांच्या लघवीच्या पिशवीत गाठ निघाली. उद्या सकाळी ऑपरेशन हाय. आन् ह्या दुखण्याची खबर जानेवारीपासून आमच्या केडगावच्या आख्ख्या बंधू मंडळाला व्हती बरं का. शनिवारच्या बैठकीत त्यावर प्रार्थना व्हायची. दुखणं कुणाचं हाय, तेवढंच कुणाला ठावं न्हवतं. मला बी न्हवतं. आन् मी कोण, तर बायको!

तुम्ही ईचारलंत म्हणून सांगते, बाई. तुमचा माणूस आत हाय, माझा बी आत हाय. नुसतं भिंतीकडं बघत बसून तरी काय करायचं? माझं नाव कृपाबाई. ह्यांचं सत्यवान. मला ह्यांचा असा राग आलाय म्हणून सांगू, आन् त्यात रडू बी येतंय. मधीच थांबले तर समजून घ्या.

हे दौंडला रेल्वेत फिटर व्हते. सगळी उमर इंजिनाखाली गेली. माणूस गरीब, कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. पण दुखलं-खुपलं सांगायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. एकदा कामावर अंगठ्याचं नख उपटून निघालं, तर रुमाल गुंडाळून घरी आले, जेवायला बसले, आन् वरनं मला म्हणत्यात, "कृपा, आज पिठलं झ्याक झालंय." रुमाल लाल झाला तवा माझं ध्यान गेलं. तेव्हाच वळखायला पायजे व्हतं हे पाणी काय हाय ते.

मंडळ काढलं ते केल्विनभाऊजी गेल्यावर. ह्यांचा जिवाचा दोस्त. छातीत जळजळतंय म्हणून सोडा पिऊन कांद्याला पाणी द्यायला गेले, ते बांधावरच राहिले. मातीच्या दिवशी त्यांची बायको सांगायला लागली, महिनाभर छाती चोळत व्हते, ईचारलं की वस्सकन अंगावर यायचे. हे घरी आले आन् भाकरीला हात लावला न्हाई. म्हणाले, "आम्ही गडी माणसं न बोलता मरतो बघ. हे बंद झालं पायजे."

आन् केलं की बंद! आमच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली दर शनिवारी संध्याकाळी गडी जमायला लागले. केल्विनभाऊजींचा धाकटा भाऊ नोएल पहिल्यापासून. बौद्धवाड्यातली प्राची दौंडला नर्स हाय, ती घरी जाता जाता थांबून सगळ्यांचं बीपी बघायची, साखर तपासायची. तिच्यामागं तिकडचे चार-पाच गडी बी यायला लागले. त्यात म्हाळूमामा. म्हातारं लई खमंग. ख्रिस्ती गड्यांची प्रार्थना चालली की ते आपलं गप टोपी मांडीवर ठेवून बसायचं, झाली की, "जय भीम, आता चा आणा," म्हणून मला हाक मारायचं.

पण पहिले काही शनिवार नुसता चा आन् बीपी. बोलायचं कुणी नावच घेईना. आम्हा बायकांचं बरं असतंय. चर्चमधी प्रार्थनेसाठी विनंत्या सांगा म्हटलं की आमची ताईबाई भर उपासनेत उभी राहून मूळव्याध सांगती, पाळकसाहेबांनाच खाली बघावं लागतंय. गडी मातर देशासाठी विनंती देणार, पावसासाठी देणार, मेव्हण्याच्या गुडघ्यासाठी देणार. स्वतःचं म्हणून काय? तर सगळं झ्याक, प्रभूची कृपा!

तवा ह्यांनी डोकं लढवलं. म्हणाले, "नाव सांगायचं न्हाई. 'एका बंधूसाठी' म्हणायचं आन् दुखणं सांगायचं. कोण तो बंधू, हे कुणी कुणाला ईचारायचं न्हाई." झालं, बांध फुटल्यागत झालं. एका बंधूची दारू सुटंना. एका बंधूला झोप लागंना. एका बंधूला बायकोपाशी जायला भ्या वाटतंय. सगळे डोळे मिटून ऐकायचे, आमेन म्हणायचे. आन् हे मातर आवाजावरनं, बसण्यावरनं हेरायचे. दोन दिसांनी गाडी काढून त्याच्या दारात. "चल, सहज दौंडला निघालोय, येतो का?" करत डॉक्टरापुढं नेऊन बसवायचे. म्हाळूमामाला लघवी अडायची, त्यांना असंच नेलं. एका बंधूला जगावंसं वाटंना, असं बी एकदा आलं. त्या वेळेला हे रोज निमोणे गावाच्या बाजूला जायचे. कुणाकडं, ते मी ईचारलं न्हाई, ह्यांनी सांगितलं न्हाई. तो माणूस आज जिता हाय, एवढं मला ठावं.

म्हणून तर मी फसले.

जानेवारीत एक दिवस ताटावर बसलो. जेवायच्या आधी प्रार्थना हेच करत्यात. भाकरीबद्दल आभार मानले आन् म्हणाले, "प्रभू, एका बंधूच्या लघवीतनं रक्त जातंय. त्याच्यावर दया कर." मी आमेन म्हटलं आन् वाढता वाढता म्हटलं, "अवं, रक्त म्हंजी काय साधी गोष्ट हाय का? कोण हाय तो येडा?"

"नाव ईचारायचं न्हाई, ठरलंय ना?"

"ऱ्हायलं. पण त्याला बायको न्हाई का? तिला दिसत न्हाई?"

हे खाली बघून भाकरी मोडत व्हते. म्हणाले, "हाय बायको. लई चांगली हाय."

"चांगली असती तर कान धरून नेला असता," म्हटलं मी. आन् ह्यांना अजून एक भाकरी वाढली.

तवापासून रोज. सकाळच्या ताटावर, रातच्या ताटावर, एका बंधूसाठी. मी बी मनापासून करायची, बाई. कधी हे ईसरले तर मीच आठवण करून द्यायची, "अवं, त्या तुमच्या बंधूचं ऱ्हायलं."

त्याच सुमाराला ह्यांनी नवं खूळ काढलं. स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागले. पहाटं उठून मोरीत. मी म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणाले, "रिटायर माणूस, बसून काय करू? तुझे हात दुखत्यात." बाई, मला इतकं भरून आलं! मी चर्चमधी सगळ्या बायकांना सांगितलं. एकेकीच्या नवऱ्याला माझ्यापायी बोलणी बसली. नोएल तर म्हणाला, "वहिनी, दादानं आमच्या घरात आग लावली." आम्ही किती हसलो.

आन् ते दुखणं बी असं लबाड की सारखं दिसायचं न्हाई. दोन दिवस लाल, मग आठ-आठ दिवस साफ. शनिवारी प्रार्थना झाली आन् सोमवारी साफ झालं की ह्यांना वाटायचं, ऐकली प्रभूनं. मंडळात आभार मानायचे, "त्या बंधूला उतार हाय." सगळे खुश. नोएल टाळ्या वाजवायचा. पुन्हा पंधरवड्यानं तीच विनंती. प्राचीनं दोनदा सांगितलं, "काका, कोण हायत त्यांना घेऊन या, दुखत नसलं तरी रक्त चांगलं न्हाई." हे म्हणायचे, "सांगतो त्याला." म्हाळूमामाला तर राहवायचंच न्हाई. एकदा डोळे मिटलेले असतानाच म्हणालं, "तुमची प्रार्थना करा बाबांनो, पण त्या गड्याला दवाखान्यात घाला की! मला कसं घातलं?" सगळ्यांनी त्याला गप केलं. नेम म्हंजी नेम. बाकीच्यांना वाटायचं, सत्यवानदादा हायत ना, ते हेरून नेतीलच. सगळ्यांना हेरणारा एकच गडी. त्याला कोण हेरणार?

मे महिन्यातला शनिवार. मी ट्रेमधी चा घेऊन शेडपाशी आले, तर प्रार्थना चालली व्हती म्हणून कडेलाच थांबले. ह्यांचाच आवाज. थकलेला वाटला. "प्रभू, त्या बंधूला आता अशक्तपणा आलाय. घरी कळू नये म्हणून तो आपले कपडे आपणच धुतो. त्याच्या बायकोला..."

पुढचं मी ऐकलं न्हाई. मोरीतला पहाटेचा पाण्याचा आवाज आठवला. दोन महिन्यांपास्नं काळी पँटच घालत्यात ते आठवलं. शर्टाच्या कॉलरीत मान ढिली झालेली, ती तर रोज माझ्या डोळ्यापुढं. अशी तिडीक गेली डोक्यात!

गड्यांच्या प्रार्थनेत बाईमाणसानं बोलायचं नसतंय. मी ट्रे खाली ठिवला आन् म्हटलं, "माझी बी एक विनंती हाय."

सगळ्यांनी डोळे उघडले. ह्यांनी न्हाई उघडले.

"एका बंधूसाठी न्हाई," म्हटलं, "सत्यवानसाठी. केडगावच्या सत्यवानसाठी, माझ्या नवऱ्यासाठी. ह्याच्या लघवीतनं रक्त जातंय. पाच महिने तुम्ही सगळे ह्याच्यासाठीच आमेन म्हणताय. मी बी."

नोएलचं तोंड पांढरं पडलं. आधी केल्विन, आता हे. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. म्हाळूमामा उठलं, ह्यांच्या खांद्यावर हात ठिवला आन् म्हणालं, "लेका, मला नेलंस आन् तू मागं ऱ्हायलास व्हय रं?" हे डोळे मिटून तसेच बसले. मिटल्या डोळ्यांतनं पाणी गालावर आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यांच्या डोळ्यातलं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं धरून मारावं, आन् वाटलं पोटाशी धरावं.

प्राचीनं तिथनंच फोन लावला. सोमवारी दौंडला सोनोग्राफी, तिथनं पुण्याला. इथले डॉक्टर बोलायला चांगले हायत, पण खरं ते सांगत्यात. म्हणाले, जानेवारीत आला असता तर दुर्बिणीनं गाठ खरवडून काढली असती, दोन दिवसांत घरी. आता ती खोलवर गेलीय. आख्खी पिशवी काढावी लागणार, पोटाला भोक पाडून बाहेरनं पिशवी लावायची, जन्मभर. आन् एवढं करून बी पुढं काय, ते पोट उघडल्यावर कळंल. डॉक्टरांनी ईचारलं, "कधीपासून जातंय?" तर हे म्हणत्यात कसं, "झाले चार-आठ दिवस." डॉक्टरांपुढंच मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "साहेब, जानेवारीपास्नं. आख्ख्या मंडळाला ईचारा."

आज दुपारी नोएल आन् चार गडी भेटायला आले व्हते. कॉटभवती उभं राहून नोएलनं प्रार्थना धरली. सवयीनं "प्रभू, एका बं..." म्हणाला आन् तिथंच अडकला. मग नाव घेऊन केली, पण आवाज त्याचा त्याला सावरंना.

ते गेल्यावर मी ह्यांना ईचारलं. इतके दिवस धीर झाला न्हवता. म्हटलं, "खरं सांगा. सगळ्यांना हाताला धरून डॉक्टराकडं नेलं, मग स्वतः का न्हाई गेलात? ते ऱ्हाऊ द्या. मला का न्हाई सांगितलं?"

छताकडं बघत हे म्हणाले, "सांगत व्हतो की गं. रोज जेवताना."

भांडायचं म्हणून ईचारलं व्हतं, भांडण गळ्यातच ऱ्हायलं.

आत्ता संध्याकाळी सिस्टर खिचडी ठिवून गेली. उद्याच्यासाठी पोट रिकामं ठिवायचं, म्हणून हे शेवटचं. ह्यांनी सवयीनं हात जोडले, डोळे मिटले. मी हात धरला ह्यांचा. म्हटलं, "आज नावानं म्हणा."

ओठ हलायचे, आवाज येईना. शेजारच्या कॉटवरचा माणूस बी बघायला लागला. मग ह्यांनी माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली, आन् म्हणाले, "प्रभू, मी सत्यवान. मला लई भ्या वाटतंय."

एवढंच म्हणाले. आमेन म्हणायला मला तोंड फुटंना. आम्ही दोघं तसेच बसलो, हातात हात घालून. खिचडी गार झाली. मग मी एकेक घास भरवला.