सटवाजीमामांचा पिवळा

"सावलीत समदे रंग सारखेच. उन्हात आन!" आमच्या कॉलेजचे शिपाई सटवाजीमामा हे दिवसातून चारदा तरी म्हणत. शाई असो की सतरंजी, नवी वस्तू आली की ते आधी अंगणात नेऊन निरखत. प्राचार्यांच्या नव्या कोटालाही त्यांनी असंच ऊन दाखवलं होतं.

सत्तरच्या दशकात हिंगोलीतल्या आमच्या कॉलेजचं नाव बदललं, आणि नावाबरोबर कबड्डी संघाचा लाल रंग जाऊन हळदी पिवळा आला. तसा ठराव झाला, स्पर्धेच्या पंचांनाही कळवलं गेलं. पिवळे बनियन मात्र कुठं मिळेनात. मामा म्हणाले, "हळदीच्या गावात पिवळ्यासाठी काहून अडायचं?" मोंढ्याच्या बाजारातून हळद आणून त्यांनी पांढरे बनियन घरीच रंगवले.

अंतिम सामन्याच्या सकाळी, कप्तान म्हणून, मी हौसेनं ते सगळे धुण्याच्या सोड्यात घातले. बादलीतून निघाले ते लाल! तसेच ओले घेऊन मैदानावर गेलो. पंचांनी हातातला कागद पाहिला. "कळवलाय पिवळा. समोरचा संघही लालच आहे. असं उतरता येणार नाही." मी मैदानाच्या कडेला उभ्या मामांकडं धावलो.

मामांनी एक बनियन उन्हात धरला, हुंगला. "सोड्यात घातलं व्हय रे? हळदीला चुना लावला की कुंकू व्हतंय, तसंच झालं बग. माझी बी चूकच, आधी सांगाया पायजे व्हतं. पळ, आंबट आन कायतरी!"

एस.टी. स्टँडजवळच्या सरबतवाल्याची होती नव्हती ती लिंबं मी उचलून आणली. मामांनी ती बादलीत पिळली, बनियन बुडवले, आणि आमच्या डोळ्यांदेखत लाल उतरून पिवळा वर आला. "साहेब, उन्हात बघा," ते पंचांना म्हणाले. पंचांनी बघितलं आणि हसून मैदानाकडं हात केला. ओल्या बनियनांनी आम्ही जिंकलो. आम्हाला पकडताना तोंडाला पाणी सुटत होतं, असं समोरचे गडी नंतर सांगत.

निवृत्तीनंतर मामा शिरड शहापूरला गेले. फार वर्षांनी मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांची नजर गेली होती. पेटीतून त्यांनी एक बनियन काढला, चाचपडत अंगणात आले आणि उन्हात धरला. हळद केव्हाच उडून गेली होती. बनियन पांढरा पडला होता.

"बराबर हाय ना पोरा, पिवळा?"

"व्हय मामा, पिवळाधमक."

मामा लेकरासारखे हसले. भर उन्हात मी त्यांच्याशी रंगाबद्दल खोटं बोललो, आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही.