उजवीकडून पाहिलेला पडदा

पॉलिशचाचा पहिल्या दिवशी लाकडाला हात लावत नसत. खुर्ची असो की कपाट, समोर मांडी घालून चहा प्यायचे आणि नुसते बघत बसायचे. नांदेडात त्यांना आळशी म्हणणारे पुष्कळ होते. त्यांत मीही होते.

आमच्याकडे ते आले दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चिनी पडद्यासाठी. सहा लाकडी फळ्यांचा, घडीचा, काळा चकचकीत. दादांनी तो हैदराबादेत जुना घेतला, सुटा करून आणला आणि बिजागऱ्या हौसेनं स्वतः ठोकल्या. त्यावर करकोचे, हरणं, सुरूसारखी झाडं, आंब्यासारखी फळं घेऊन डावीकडे निघालेली माणसं. आणि उजव्या टोकाला, त्यांच्या पाठीमागे, ओसरीत एकटी म्हातारी. आई गेल्यापासून दादांना ती बघवत नव्हती. सगळे हिला टाकून निघालेत, म्हणायचे. शेवटी पडदा विकायचं ठरलं. लातूरचं गिऱ्हाईक मिळालं, तेवढं पॉलिश राहिलं होतं.

पहिला दिवस बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशीही चाचांनी स्पिरिटची बाटली उघडलीच नाही. ही चकाकी लाखेच्या पॉलिशची नव्हे, झाडाच्या चिकाची आहे, स्पिरिटनं वाटोळं होईल, हे त्यांना हैदराबादच्या उस्तादांनी शिकवलेलं. त्यांनी मऊ कापड पाण्यात पिळून एकेक करकोचा पुसला, लेकराचं तोंड पुसावं तसा. माझ्या मनातला आळशीपणाचा आरोप तिथंच गळून पडला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बिजागऱ्याच सोडवायला घेतल्या. दादा भडकले. चाचांनी शांतपणे दोन फळ्यांच्या कडांवर बोट ठेवलं.

“फांदी फांदीला मिळत न्हाई, सर. तुमी डावीकडून मांडलं. मी उर्दू शाळंतला, उजवीकडून वाचनारा, तसंच बघून राहिलो.”

संध्याकाळी पडदा उभा राहिला. फांद्या जुळल्या होत्या. माणसांची तोंडं होती तिकडेच, डावीकडे; पण आता म्हातारीचं घरही डाव्या टोकाला, त्यांच्या समोर आलं होतं.

“कुनी चाललं न्हाई, सर,” चाचा म्हणाले. “समदे तिच्याकडं येऊन राहिले.”

दादांनी लातूरला फोन करून पडदा द्यायचा नाही म्हणून कळवलं. इतकं मोठं काम इतक्या कमी शब्दांत करणारा चाचांसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. निरोप आला तेव्हा मी रिक्षा बघत होते, पण दादा थांबलेच नाहीत. आई गेल्यापासून फाटकाबाहेर पाऊल न टाकलेला माणूस देगलूर नाक्याला चाचांच्या घरापर्यंत चालत गेला आणि चाचांच्या मुलांजवळ दिवसभर बसून राहिला. मी मागोमाग होतेच; परत निघताना दादा मला म्हणाले, “उद्याही येऊ.”