अर्ध्या तासाची सूट

आक्काला घासाघीस करता येत नसे. मार्केटमध्ये भाजीवाली सांगेल तो भाव देऊन ती मोकळी व्हायची. मी चिडलो की म्हणायची, "तिनं विचार करूनच सांगितला असेल रे, तम्मा. होग्ली बिडु." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ आणि होग्ली बिडु म्हणजे जाऊ दे. आमच्या म्हैसूरच्या मराठीत असे कानडी शब्द पाहुणे म्हणून आले आणि घरचे होऊन बसले. आक्काच्या तोंडी 'जाऊ दे' इतकं असायचं की लहानपणी मला वाटे, जगात धरून ठेवण्यासारखं काहीच नसावं.

आई-वडील लवकर गेले. मला वाढवलं आक्कानं. चिंचोक्यांवर हिशेब तिनंच शिकवला, आणि खेळताना स्वतःचे चिंचोके मुद्दाम हरायची. मला ते कळायचं, तरी मी घ्यायचो. चौदाव्या वर्षी देवराज मोहल्ल्यात दुसऱ्याच्या दुकानी भांडी पुसायला लागलो. पस्तिशीला त्याच गल्लीत माझं स्वतःचं दुकान होतं. जुनं पितळ मोडीत घ्यायचं, नवं स्टील द्यायचं. या धंद्याचा एक नियम आहे. समोरचा पटकन 'हो' म्हणाला की समजावं, आपल्याकडून जास्त गेलं. हा नियम मी नोकरांना शिकवला, मुलाला शिकवला. ऐन वेळी तो मीच विसरलो. ते पुढे येईलच.

आक्काचा नवरा, म्हणजे भावजी, एका कारखान्यात टाइमकीपर होते. आवाज कधी चढला नाही, शर्टाची बाही कधी दुमडली नाही. शहराबाहेर हूटगळ्ळीला तेव्हा मोजकीच घरं होती, तिथं त्यांनी घर बांधलं. "इथं शांतता आहे," म्हणाले. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावत. संध्याकाळी आल्यावर मोरीतली भांडी पाहत. कॉफीचे दोन लोटे ओले दिसले की विचारत, "कोण आलं होतं?" मग आक्का त्यांच्याच उष्ट्या लोट्यातून कॉफी प्यायला लागली. मला हे तिनं हसत हसत सांगितलं होतं. "एकच लोटा ओला असला की त्यांना शांत झोप लागते, तम्मा."

एकदा भावजींबरोबर मार्केटला आली असताना ती गर्दीतून निसटली, सरळ माझ्या दुकानात आली आणि मागं घागरींच्या उतरंडीआड जाऊन बसली. "परत जायचं नाही," एवढंच म्हणाली. शाळेतली तिची मैत्रीण सरोजा पेरियापट्टणला बालवाडी चालवत होती. सरोजानं तिच्यासाठी तिथं जागा बघून ठेवली होती, जूनपासून. आक्काची पत्रं दूधवाली पोस्टात टाकायची, सरोजाची दूधवालीच्या पत्त्यावर यायची. "जूनला आठ आठवडे आहेत. तेवढे दिवस ठेवून घे. आणि पत्रांचं कुणाला बोलू नको."

आठ आठवडे ठेवून घेतलं असतं तर काम झालं असतं. पण मला राग आला होता, आणि राग आला की मी सौदा करायला बसतो. माझी बहीण बालवाडीत पोरांची नाकं पुसणार? मी सगळं नीट करून देतो, म्हटलं. आमच्या लोकांच्या देवळामागं हॉल आहे, तिथं चार वडीलधाऱ्यांसमोर बैठक बसवली. बायका खांबापलीकडं, आक्का त्यांच्यात. मी तीन अटी घातल्या. दाराला बाहेरून कुलूप नको. हात उगारायचा नाही. आणि दरवर्षी गौरीला मी बागिन घेऊन येईन, तेव्हा तिनं एकटीनं दाराबाहेर येऊन ते घ्यायचं. बागिन म्हणजे माहेरची सुपं. तांदूळ, डाळ, गूळ, फणी, बांगड्या असं एका सुपात भरतात, दुसरं वर पालथं घालतात.

भावजी काही बोलेनात. कपभर कॉफी गार झाली. गिऱ्हाईक उठून जाणार असं वाटलं की मी काहीतरी वर टाकतो, वर्षानुवर्षांची सवय. मी म्हणालो, "तुम्ही तीन पाळा. मी तिची पेरियापट्टणची पत्रं बंद करतो."

भावजींना पत्रांचा पत्ताच नव्हता. त्यांनी बाहीचं बटण लावलं आणि म्हणाले, "आयतु. ठरलं. तिन्ही मान्य."

इतक्या पटकन.

वडीलधाऱ्यांनी माझी पाठ थोपटली. आक्का रडली नाही. रिक्षात बसताना मला म्हणाली, "पोचा आलेली घागरसुद्धा तू इतक्या लवकर सोडत नाहीस, तम्मा." मग ती नवऱ्याशेजारी बसली आणि रिक्षा गेली.

भावजींनी तिन्ही अटी अक्षरशः पाळल्या, हे मला मान्यच करावं लागेल. कुलूप काढलं. त्याऐवजी रोज सकाळी, सुट्टी असली तरी, पायरीखाली रांगोळीची एक बारीक रेघ ओढत आणि संध्याकाळी वाकून ती तपासत. हात उगारला नाही. महिना महिना बोलणं बंद ठेवत. दूधवाली बदलली. गौरीला मी गेलो की दोघं पायरीवर उभे राहायचो आणि भावजी आत खिडकीशी. मी निघालो की ते सुपं उघडून तांदूळ चाळून बघत, डाळ चाळून बघत, मग तिच्या ओटीत घालत. एका वर्षी तिनं मला सांगितलं, "गुळाचा खडासुद्धा फोडतात. तू मात्र छान वजनदार निवडतोस." अशी सहा वर्षं गेली.

सातव्या गौरीला तिनं सुपं हातात घेतली आणि हळूच विचारलं, "स्कूटर आणलीस?"

"आणली."

"हुणसूर रोडवर सोड मला. पेरियापट्टणची बस धरते."

सरोजा अजून तिथं आहे की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "आज? सणाच्या दिवशी? चार लोकांत शब्द दिलाय मी. दसरा होऊ दे, परत बैठक बसवतो. आणखी दोन अटी घालून घेतो."

ती हसली. लहानपणी चिंचोके हरल्यावर हसायची तशी. "आणखी दोन?" म्हणाली. मग खिडकीकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "शेजारी बागिन देऊन येते."

पदराखाली सुपं धरली आणि रांगोळीच्या रेघेवर पाय देऊन चालू लागली. गौरीला सवाष्णी एकमेकींच्या घरी जाऊनही बागिन देतात. त्या एका दिवशी म्हैसुरातल्या कुठल्याही रस्त्यावर बाई पदराखाली सुपं घेऊन चालली असेल, तर कुठं निघालीस असं कुणी विचारत नाही. आणि बागिन घेऊन निघालेल्या सवाष्णीला मागून हाक मारत नाहीत. भावजी हे सगळं पाळणारे. दारात आले, रेघ पाहिली, रस्ता पाहिला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "किती वेळ लागेल?"

"तीन घरं आहेत," मी म्हणालो. "अर्धा तास."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मी आत जाऊन बसलो, पितळेच्या भावावर बोलत राहिलो, त्यांच्या हातची कॉफी प्यायलो. कॉफीत साखर नव्हती, तरी दुसरी मागितली. रस्त्यावर दोन बस गेल्याचा आवाज आला तेव्हा कुठं उठलो. ती त्यांतल्याच एका बसमध्ये होती.

हा अर्धा तास मी तिला मिळवून दिला. याचं कुणी नाव काढत नाही. पुढच्या गौरीला मी पेरियापट्टणला गेलो तेव्हा पहिल्यांदा हेच सांगितलं. सरोजानं तिला ठेवून घेतलं होतं. तंबाखूच्या भट्ट्यांच्या वासात बालवाडीची दोन खोल्यांची जागा, ओसरीवर पोरं. आक्का एका पोराचं नाक पुसत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सहा वर्षं घेतलीस आणि अर्ध्या तासाची सूट दिलीस. चांगला व्यापारी झालास, तम्मा."

मला उंबऱ्याच्या आत तिनं कधी घेतलं नाही. बागिन घ्यायची, ओसरीवर कॉफी द्यायची, पोरांना तिथल्या तिथं गूळ वाटून टाकायची. इकडं भावजींनी, आवाज न चढवता, म्हैसूरभर पसरवलं होतं की पेरियापट्टणची पत्रं एका पुरुषाला जात होती. पत्रं सरोजाला होती हे आमच्या लोकांत मला एकट्याला माहीत, अशी माझी समजूत. मी आक्काला म्हणालो, घरी चल. तिनं आपला भाव सांगितला. "त्याच हॉलमध्ये, त्याच चौघांसमोर सांग. पत्रं सरोजाला होती, आणि पत्रांचं माझ्या नवऱ्याला तू सांगितलंस. मग येते."

मी काय काय देऊ केलं. वरच्या मजल्यावरची खोली, वेगळी चूल, सरोजालाही बरोबर आण म्हटलं. ती म्हणायची, "बेड." नको. आयुष्यभर कुणाशी घासाघीस न केलेली बाई माझ्याशी मात्र पैभर खाली येईना. आणि मला तो भाव परवडेना. त्या बैठकीमुळं माझं नाव झालं होतं. लोक आपल्या लेकी-सुनांचे तंटे घेऊन माझ्याकडं यायला लागले होते. माझी मुलगी लग्नाची होती. चौघांसमोर उभं राहून कसं सांगायचं, की तुम्ही पाठ थोपटलीत तो सौदा बहीण विकून केला होता? पुढच्या वर्षी बघू, असं मी एकवीस गौरी म्हणालो. तिची एकदाही 'होग्ली बिडु' म्हणायची तयारी नव्हती.

आक्का गेली तेव्हा सरोजानं निरोप धाडला. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ओसरीच्या कोपऱ्यात मी नेलेली सुपं एकात एक घालून ठेवली होती. पोरांची खेळणी त्यांत भरलेली.

परवा मी त्या चौघांपैकी उरलेल्या एकाकडं गेलो. नव्वदीचे झालेत, पण कान शाबूत आहेत. समोर बसलो आणि सांगून टाकलं. पत्रं सरोजाला होती. भावजींना मी सांगितलं.

त्यांनी पान चघळणं थांबवलंसुद्धा नाही. "ते ठाऊक होतं रे. माझा मेहुणा तेव्हा पेरियापट्टणच्या पोस्टात होता. बाईच्या नावाची पत्रं, चौघांनाही माहीत होतं. आणि पत्रांचं तू बोललास ते तर आमच्यासमोरच बोललास."

"मग इतकी वर्षं लोक तिला नाही नाही ते बोलत होते, तेव्हा तुम्ही कुणी बोलला का नाहीत?"

त्यांनी पिकदाणी जवळ ओढली. "तू बोलशील म्हणून थांबलो," म्हणाले. "बहीण तुझी होती."