सुद्दिंगचं घर चौथ्यांदा उठतं

लापेरे गावात कुणी सुद्दिंगचा पत्ता विचारला, तर लोक आधी विचारतात, कधीचा पाहिजे? जकार्तापासून समुद्रापलीकडे, बोनेच्या आखातावरचं हे एवढंसं गाव. घरं सगळी लाकडी, उंच खांबांवर उभी, आणि बहुतेकांची आजोबांनी उभी केली तिथेच. एक सुद्दिंगचंच घर तेवढं फिरतीवर.

सुद्दिंग जागांचा दलाल. ही नेमणूक त्याची त्यानेच केलेली होती. लापेरेच्या जमिनीला सोन्याचा भाव येणार हे त्याला आतून कळलं होतं, आणि भाव येईल तेव्हा आपण बरोबर त्या ठिकाणी हजर असावं एवढीच त्याची इच्छा. आधी पूल येणार होता, म्हणून त्याने घर खाडीकाठी नेलं. पूल पलीकडच्या गावाला गेला. मग जहाजांचा धक्का येणार होता, म्हणून घर वाळूवर आलं. धक्का राहिला बाजूला, भरतीचं पाणी तेवढं इमानाने खांबांपर्यंत यायचं. तिसऱ्यांदा हॉटेल येणार म्हणून घर थेट भूशिरावर जाऊन बसलं, गावापासून इतकं लांब की कोंबडा आरवला तर तो आपलाच समजायचा.

आता आमच्याकडे घर हलवायचं म्हणजे मोडायचं नसतं. शुक्रवारी नमाज आटोपला की गावातले पुरुष जमतात, खांबांना आडवे बांबू आवळतात आणि पलंग-कपाटांसकट अख्खं घर खांद्यावर घेऊन चालायला लागतात. याची मजुरी नसते. पोटभर खायला घालायचं आणि दुसऱ्याच्या वेळी आपला खांदा द्यायचा, एवढंच. सुद्दिंग दुसऱ्याच्या वेळी जायचा, नाही असं नाही. पण तो पुढे उभा राहून हात हलवायचा, "डावीकडे घ्या, डावीकडे." खांद्याला त्याने कधी फारसा त्रास दिला नाही.

त्याची बायको हालवीया अबोल होती. दर खेपेला ती नव्या विहिरीची वाट शिकायची, नव्या शेजारणीला मीठ मागायची, जरा सूत जुळायला लागलं की घर उठायचं. भूशिरावर तर मीठ मागायलाही कुणी नव्हतं. तिची बहीण रोहानी राहायची मशिदीमागे, आणि तिच्याकडे जाऊन यायचं तर अर्धा दिवस मोडायचा.

आणि एके दिवशी खरोखरचं गिऱ्हाईक आलं. जकार्ताचे विर्यवान साहेब, निवृत्त, डोक्यावर टोपी, नाकावर रुमाल. भूशिरावर उभे राहून त्यांनी बराच वेळ समुद्र पाहिला.

"जागा छान आहे," ते म्हणाले. "पण खरं सांगा, इथं पुढेमागे काही येणार आहे का? हॉटेल, रस्ता, कारखाना?"

सुद्दिंगने तोंड उघडलं. उभ्या आयुष्यात त्याला हा प्रश्न कुणी आपण होऊन विचारला नव्हता.

"कारण काही येणार असेल तर मला नको," साहेब म्हणाले. "मला शांतता पाहिजे."

सुद्दिंगच्या घशात पूल, धक्का आणि हॉटेल एकदम अडकले. ते सगळं त्याने गिळून टाकलं. "काही नाही साहेब," तो बारीक आवाजात म्हणाला. "इथं कधीच काही येणार नाही."

व्यवहार ठरला. अट एकच. येत्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जागा मोकळी पाहिजे, नाहीतर साहेब दुसरीकडे बघणार.

सुद्दिंग उड्या मारत घरी आला. "ऐकलंस का? विकली! आता आपण टेकडीपलीकडे जायचं."

"टेकडीपलीकडे काय आहे?"

"आत्ता काही नाही. पण विमानतळ येणार आहे."

हालवीया मासा साफ करत होती. तिने सुरी खाली ठेवली. नवऱ्याला ती गावातल्या सगळ्यांसारखीच मानाने डाएंग म्हणायची. "डाएंग, मी टेकडीपलीकडे येणार नाही."

"अगं, भाव—"

"भाव तुम्हाला लखलाभ. तिथं मी मेले तरी चार दिवस कुणाला कळायचं नाही."

"तू उगाच जिवाला लावून घेतेस," सुद्दिंग म्हणाला, आणि बांबूंची सोय बघायला निघून गेला. बायकोचा राग शुक्रवारपर्यंत उतरतो असा त्याचा अनुभव होता. त्या आठवड्यात ती तीनदा बहिणीकडे जाऊन आली, तेही त्याला चांगलंच लक्षण वाटलं.

शुक्रवारी सगळा गाव भूशिरावर हजर. सुद्दिंगचा जीव भांड्यात पडला. खाणं कुठे दिसत नव्हतं, पण बायका कुठेतरी रांधत असतीलच म्हणून त्याने चौकशी केली नाही. हालवीया घरातच बसून होती, उतरली नाही. तीही एक कपाट समजून त्याने विषय सोडला. विर्यवान साहेब गाडीतून उतरून फोन सरसावून उभे राहिले.

घरांचं सगळं जाणणारे म्हातारे माप्पे पुढे झाले; गाव त्यांना मानाने पुआंग म्हणतं. त्यांनी तोंडातल्या तोंडात दुआ म्हटली आणि हाळी दिली. सगळ्यांनी एकदम खांदे लावले.

घर हललं नाही.

पुन्हा हाळी. माणसं कण्हली, कुंथली, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. बेद्दू कोळी तर असा विव्हळला की साहेबांनी फोन खाली घेतला. घर जिथल्या तिथे. सुद्दिंगने वाकून पाहिलं तर मागच्या बांबूखाली दोघंजण खांदा टेकवून माशांच्या भावावर बोलत होते.

"पुआंग, हे लोक उचलत नाहीत," तो म्हणाला.

"घामाघूम झालेत बिचारे," पुआंग माप्पे म्हणाले. "घर जड झालंय. तीनदा हललेलं घर जड होतं, सुद्दिंग."

"संध्याकाळपर्यंत जागा मोकळी झाली नाही तर मी बुडालो हो."

"असं म्हणतोस? मग घरात जी बसलीय तिला विचारून बघू." त्यांनी वर तोंड केलं. "पोरी, कुठं जायचंय तुला?"

हालवीया खिडकीशी आली. इतक्या माणसांसमोर ती बोलली. "रोहानीच्या शेजारी. तिने जागा साफ करून ठेवलीय. आणि पुआंग, केळ्याचे बारोंगको उकडून तयार आहेत, गरम आहेत तोवर चला."

पुआंग माप्पेंना हाळी देण्याची गरजच पडली नाही. घर असं उठलं की आतलं एक भांडंही वाजलं नाही. सुद्दिंग सवयीने पुढे धावला, टेकडीकडे हात करून ओरडू लागला, "डावीकडे, डावीकडे!" घर उजवीकडे वळलं आणि उतारावरून गावाकडे चालू लागलं. तो धापा टाकत पुन्हा पुढे गेला, तेव्हा बेद्दू म्हणाला, "डाएंग, जरा बाजूला व्हा, पायात येताय."

मागे मोकळ्या जागेवर विर्यवान साहेब टाळ्या वाजवत होते.

मशिदीमागे घर टेकलं. केळीच्या पानांतले बारोंगको संपले, कॉफी संपली, माणसं पांगली. शिडी अजून लावायची होती. ती हालवीयाने वर ओढून घेतली होती. सुद्दिंग खाली उभा राहून भोवताली बघत होता. बकऱ्या, विहीर, मशिदीची मागची भिंत, रोहानीची वाळत घातलेली धुणी. दलालाची नजर त्याने चारी बाजूंना फिरवून पाहिली. धड रस्तासुद्धा नव्हता.

"जमीन कुणाच्या नावावर?" त्याने विचारलं.

"रोहानीच्या. विकायची नाही."

"मला एका शब्दाने सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं. तुम्ही बांबू बघायला गेलात." ती उंबऱ्यावर बसली. "मला माणसांत राहायचंय, डाएंग. मला दुसरं काही नको होतं कधीच."

 सुद्दिंगला वाईट वाटलं, आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. विहिरीवरच्या दोघी त्याच्याकडे बघून हसू दाबत होत्या.

"पण हालवीया," तो शेवटी काकुळतीने म्हणाला, "इथं येणार तरी काय आहे?"

"तुम्ही," ती म्हणाली. "येणार असाल तर."

आणि तिने शिडी खाली सोडली.