मी समुद्रात फेकलेले मासे

भूतबित असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. लोक सांगायचे, अमक्या विहिरीवर बाई बसते... मी त्याच विहिरीच्या काठावर पाय सोडून शेंगा खाऊन आलेला माणूस. बाईसाठी दोन ठेवल्यासुद्धा. त्यामुळं पुढचं वाचून हसायचं तर हसा, पण जेवायच्या आधी वाचू नका. मला लिहितानाच मळमळायलंय.

आमचं गंगाखेडला खत-बियाण्यांचं दुकान, वर राहतं घर. घरात आई, धाकटी बहीण गिरिजा आणि मी. आम्ही लिंगायत. अंड्याचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा आमच्या भिंतीवर टिकत नाही. पण नाक म्हणाल तर माझं चांगलं कमावलेलं आहे — खाली कीटकनाशकं, हंगामात साखर कारखान्याच्या मळीचा दर्प. ज्या वासानं शहरातला माणूस आडवा होईल, त्यात मी भाकरी खातो.

उन्हाळ्यात दुपारी गिऱ्हाईक नसतं. वरच्या खोलीत दुकानाचा जुना कॉम्प्युटर पडून होता. मोबाईल दुरुस्त करणारा माझा दोस्त नजीर, त्यानं त्यात जहाजांच्या लढाईचा एक जुनाट गेम टाकून दिला. शिडांची जहाजं, तोफा, नकाशा. एक चाल आपली, एक शत्रूची. अन् नुसतं लढून भागत नाही, खलाशांना शिधाही पुरवावा लागतो. समुद्र मी जन्मात पाहिलेला नाही, पण थोड्याच दिवसांत असा दर्यावर्दी झालो की गोदावरीचं पात्र बघून मला हसू यायला लागलं.

एका दुपारी शत्रूचं मोठं जहाज धरलं. आत काय, तर खारवलेल्या माशांची पिंपंच पिंपं. मी म्हटलं, थांबा. हे मन्मथअप्पाचं, म्हणजे माझं, आरमार आहे, इथं मांसमच्छी चालणार नाही. सगळी पिंपं समुद्रात टाकायचा हुकूम सोडला. (दारूची ठेवली. लढणारी माणसं आहेत, फार ताणू नये.) त्याच झपाट्यात बाकीच्या जहाजांवरचे मासेही फेकले अन् आरमार शुद्ध शाकाहारी करून टाकलं. मग धान्य संपलं. खलाशी उपाशी असल्याची पाटी पडद्यावर येऊ लागली. मी ती बंद करत राहिलो... लढाई ऐन रंगात होती हो.

दुसऱ्या दिवशी घरात वास सुटला.

आधी वाटलं, उंदीर मेलाय. कपाटं ओढली, माळा रिकामा केला, पाण्याची टाकी उपसली. उंदीर सापडला असता तर मी त्याला मिठी मारली असती. वास वाढतच गेला — ओला, बुळबुळीत, घशाखाली उतरून तिथंच मुक्काम करणारा. वरणाला तोच, चहाला तोच, धुतलेल्या उशीला तोच. माऊसखाली चिकट पाणी साचलं, की-बोर्डच्या फटींत मिठाचे खडे धरले. आईच्या पूजेतली विभूती, एरवी कोरडी ठणठणीत, ती लिबलिबीत होऊन बोटाला चिकटायला लागली. गंगाखेडातली एकूण एक मांजर जिन्यावर येऊन बसली. पण उंबऱ्याच्या आत पाय टाकायची एकीचीही छाती होईना.

नजीर आला तो दारातच थांबला, नाकाला रुमाल लावून. "मन्मथशेठ, घरात बोंबील कुणी आणले? अन् आणले तर आणले, सडू कशाला दिले?"

तेव्हा कुठं कळलं, हा वास कशाचा. आम्हा तिघांपैकी कुणी जन्मात मासा हुंगलेला नव्हता.

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी उदगीरहून पाहुणे येणार होते, गिरिजाला बघायला. मुलगा तिला आवडला होता. त्याचा फोन आला की ती गच्चीवर जायची अन् हसू खाली दुकानापर्यंत ऐकू यायचं. माणसं मात्र अशी कडक, की अंडं असेल या भीतीनं वाढदिवसाला केक आणत नाहीत. त्यांच्या नाकात हा वास गेला की सोयरीक तर मोडणारच, वर लातूरपर्यंत डांगोरा — गंगाखेडचे ते लिंगायत चोरून मासे खातात.

फिनेल ओतलं, कापूर जाळला, कॉम्प्युटर उचलून गच्चीवर नेऊन ठेवला. वास टेबलापाशी होता तिथंच. संध्याकाळी गिरिजा ओढणी नाकाला लावून माझ्याजवळ आली. "दादा, त्यांना येऊ नका म्हणून सांग. माझ्यासमोरून तोंडाला रुमाल लावून उठून गेलेले मला बघवणार न्हाईत."

आई तिथंच बसली होती. म्हणाली, "मन्मथ, त्या डब्यात रोज काय करायलास तू?"

सांगितलं सगळं. वाटलं, मासे म्हटल्याबरोबर कानावर हात ठेवील.

"माणसं उपाशी हायत?"

"आई, ती खरी माणसं न्हाईत."

"वास तर खरा हाय ना?"

मी फिनेलची बाटली उचलली, ती तिनं खाली ठेवायला लावली.

"आपल्या दारात आलेलं कुणी जेवल्याबिगर गेलं न्हाई कधी. अन् तू तुझ्याच माणसांच्या तोंडचं काढून पाण्यात फेकलंस. आण तो डबा खाली. ज्याचं जे अन्न हाय ते त्याला घाल."

आणला, जोडला. कपाळभर ओली विभूती लावून आई शेजारी बसली अन् मी बंदराला जहाजं लावून खारे मासे भरायला लागलो. एकेक पिंप भरलं की वास असा उसळायचा जणू कुणी माझ्या तोंडातच कुजकं मडकं फोडलंय. बादलीत ओकलो. पुन्हा क्लिक केलं, पुन्हा ओकलो. आईनं पाठीवरून हातसुद्धा फिरवला नाही. "आधी वाढून घे," एवढंच म्हणाली. शेवटच्या जहाजाला शिधा पोचला अन् वास गेला. हळूहळू नाही — भांड्यावर झाकण ठेवावं तसा. जिन्यावरची मांजरं अंग झाडून निघून गेली.

पाहुणे आले. मुलाच्या काकांनी घरात शिरताच कापराच्या वासाचं कौतुक केलं. सगळ्यांनी पोहे खाल्ले, माझ्या मात्र घशाखाली एक घास उतरला नाही. गिरिजा आता उदगीरला सुखात आहे.

नजीर म्हणतो, कॉम्प्युटरच्या आत पाल जळाली असणार. मी स्क्रू काढून पार हाडं मोकळी करून बघितलं, पाल नव्हती. अन् पाल मेल्यावर मीठ कुठून येतं?

कॉम्प्युटर भंगारात द्यायला निघालो, तर आईनं हात धरला. जिथं अंडं शिजतं त्या हॉटेलचं पाणीही न पिणारी ही बाई, रोज पूजा आटोपली की वरच्या खोलीत येते अन् विचारते, "जेवली का रे ती माणसं?" मी नाक दाबून वाढतो. परवा बसवजयंतीला घरात पुरणपोळी होती. त्यांच्याकडं काही गोडधोड मिळतं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, न्हाई, तिथं धान्य अन् मासे, बस.

आई पदर सावरून पडद्याजवळ सरकली.

"मग आज सणाचं मासे जरा जास्ती घाल," म्हणाली.