भट्टीत गेलेली मतपेटी

मतपत्रिकांचे दिवस होते. मी म्हैसूरच्या एका शाळेत शिकवत होते आणि निवडणुकीच्या कामाला मला बेट्टदपुराकडच्या एका खेड्यात पाठवलं. निघताना वडील म्हणाले, "जाग्रते गं, जपून राहा, तिथल्या भांडणात पडू नको."

दुपारपर्यंत सगळं शांत होतं. मग गावाबाहेरच्या दलित वस्तीतल्या बायका आल्या. पुढे एक म्हातारी सुईण होती. मतदान चालू असलेल्या गावच्या शाळेच्या फाटकात, निवडणुकीला उभ्या असलेल्या पुढाऱ्याची माणसं आडवी झाली.

"घरी जा. तुमची मतं आम्ही टाकतो," त्यांतला एक दांडगा तरुण म्हणाला.

"बोट माझं, मत तू कसं टाकशील? याच हातांनी तुला आईच्या पोटातून ओढून काढलाय," म्हातारी म्हणाली.

त्याने सरळ तिच्या तोंडावर ठोसा मारला. बाकीच्यांनी समोरच्या तंबाखू वाळवायच्या भट्टीसाठी रचलेलं सरपण उपसलं आणि बायकांना झोडपायला सुरुवात केली. डोकी फुटली. एक मुलगी पायरीवर कोसळली, तिचा हात कोपरातून उलटा वळला होता. आमचा एकुलता पोलीस सोडवायला धावला, पहिल्याच फटक्यात तोही आडवा झाला.

म्हातारी रांगत आत आली. एक डोळा सुजून बंद झालेला, पदर रक्ताने भिजलेला. "शाई लाव, मगळे," ती म्हणाली. मगळे म्हणजे मुली. मी तिचं बोट माझ्या पदराने पुसलं, शाई लावली. तिने शिक्का मारला, मतपत्रिका पेटीत टाकली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.

तोवर ते आत घुसले. मी पेटीला मिठी मारली. त्या तरुणाने माझ्या मनगटावर लाकूड घातलं. हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. पेटी त्यांनी उचलली आणि समोरच्या पेटत्या भट्टीत फेकली.

पिरियापट्टणच्या दवाखान्यात जीपमधून जाताना म्हातारीने विचारलं, "माझं मत जळलं का?"

"जळलं, अव्वा."

तिने तोंडातलं रक्त बाहेर थुंकलं.

फेरमतदान पोलिसांच्या पहाऱ्यात झालं. माझा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी गेले नाही. तिथे गेलेल्या सहकारी बाईंनी सांगितलं, म्हातारी आली होती, डोळा कायमचा गेला होता. वस्तीतल्या निम्म्या बायका मात्र घराबाहेर पडल्याच नाहीत.

निवडून तोच पुढारी आला. त्याच्या माणसांनी विजयाचे फटाके वस्तीच्या तोंडाशी नेऊन लावले.